कपाटकाकांची वापरलेली दाढ

बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची कपाटं उचलली. घर बदलणाऱ्यांचं सामान एका घरातून काढायचं आणि दुसऱ्या घरात नेऊन लावायचं, हे त्यांचं काम. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नसे. लहानथोर सगळे त्यांना कपाटकाका म्हणायचे. पंजा एवढा मोठा की त्यांच्या हातातला चहाचा कप दिसायचाच नाही, नुसती वाफ दिसायची. चार माणसांचं कपाट ते आणि त्यांचा जोडीदार असे दोघंच तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचे. नव्या घरात ते भिंतीला लावून झालं की बाबा त्यावर तळहात दाबून बघायचे, डुगडुगत नाही याची खात्री करायचे आणि म्हणायचे, "बसलं." हा शब्द ऐकल्याशिवाय जोडीदार खांद्यावरचा पट्टा सोडत नसे.

अशा माणसाची मुलगी असून माझ्या हातात काही टिकत नसे. मला कप देताना देणारा आधी खाली बघायचा, पडला तर कशावर पडेल म्हणून. शाळेच्या प्रयोगशाळेत माझ्यासाठी आधीच तडा गेलेली एक काचनळी वेगळी ठेवली होती. शाळा संपत आली तेव्हा मी घरात जाहीर केलं की मला दातांची डॉक्टर व्हायचंय. आई लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची आणि घरी आल्यावर आमचेही कपडे करायची. तिने हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि शांतपणे विचारलं, "लोकांच्या तोंडात घालायचा, तो हाच हात ना?"

 बाबांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या माझ्यापासून थोडा लांब सरकवला.

गुणांची अडचण नव्हती. अडचण कॉलेजच्या अर्जातल्या एका कलमाची होती. उमेदवाराने वर्षभरात साबणात कोरलेल्या दहा दाढा क्रमाने मांडून आणायच्या, प्रत्येकीखाली तारीख घालायची आणि अकरावी दाढ मुलाखतीच्या दिवशी समोर बसून एका तासात कोरून दाखवायची. 

गल्लीच्या तोंडाशी दातांचे एक डॉक्टर बसायचे. त्यांना विचारायला मी गेले, बाबा सोबत आले, पण दवाखान्याच्या दाराशी थबकले. "तू जा आत, मी गाडीजवळ थांबतो," म्हणाले. आम्ही चालत गेलो होतो. गाडी आमच्याकडे नव्हतीच, पण त्या वेळी माझं तिकडे लक्ष नव्हतं.

डॉक्टरांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. "हात वाईट नाहीत," ते म्हणाले, "बेशिस्त आहेत. वळण लावावं लागेल. आणि त्याला खर्च काही नाही, रिकामा वेळ पाहिजे." मग औषधं लिहायच्या कागदावर त्यांनी लिहून दिलं की चिमट्याने तांदळाचे दाणे उचलायचे, क्रोशाचं विणकाम शिकायचं, तार वाकवायची, आरशात बघून सुईत दोरा ओवायचा आणि हे सगळं जमायला लागलं की साबण कोरायचा. सवयीने खाली सही केली आणि 'रोज दोन वेळा, जेवणानंतर' असंही लिहिलं.

बाबांनी तो कागद आमच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आणि संध्याकाळी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"एकटीला कंटाळा येईल. मीही बसतो."

तिथून माझे हाल सुरू झाले.

दोन वाट्या, एक चिमटा, पन्नास दाणे. या वाटीतला दाणा त्या वाटीत. माझ्या पन्नासातले तीस जमिनीवर, दोन माझ्या वेणीत आणि एक आईच्या चहात सापडला. बाबांच्या मुठीत चिमटा दिसतच नव्हता. दाणे आपणहून उठून पलीकडे जाताहेत असं वाटायचं. पन्नास संपवून त्यांनी ते वाटीच्या काठावर रांगेत उभे करून ठेवले. आई जमीन झाडताना म्हणाली, "हिच्या बाजूला कोंबडी बसवा एखादी, माझं काम वाचेल."

आरशात बघून सुई ओवताना तर मी रडकुंडीला आले. आरशात हात पुढे न्यावा तर मागे जातो. आठवडाभरात माझ्या बोटांच्या टोकांची चाळण झाली. बाबांनी पहिल्याच दिवशी दोरा ओवला. मी बघतच राहिले तर म्हणाले, "यात काय आहे? मी जन्मभर कपाट धरून उलटाच जिना उतरलोय."

क्रोशाने तर कहर केला. मी एक चौकोन विणायला घेतला, तो एका बाजूने वाढत जाऊन त्याचं नाक झालं. बाबांनी तोवर चहाच्या किटलीला झगा विणला, रेडिओला टोपी विणली, मग कामावरच्या पट्ट्याला खांद्यापाशी मऊ वेष्टण विणलं, निळं, कडेला पांढरी नक्षी. ते खांद्यावर घेऊन कामाला गेले. जोडीदार दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं की हिरव्या रंगात मिळेल का.

मला हसू यायला हवं होतं. मला राग यायचा. परीक्षा माझी, स्वप्न माझं, आणि हात यांचे. एका संध्याकाळी माझ्या पकडीतून तार निसटली, गालाला लागली, आणि मी पक्कड टेबलावर आपटून म्हणाले, "तुम्हीच व्हा ना डॉक्टर. मी उचलते कपाटं."

बाबांनी पक्कड उचलून परत माझ्या हातात दिली. "तू फार घट्ट धरतेस," ते म्हणाले.

"सोडलं तर पडेल."

"सोडू नको. नुसतं धर. आवळलं की आपल्याला आपलाच जोर कळतो. कपाट कुठे कलतंय ते कळतच नाही. मी पट्टा बोटांवर ठेवतो, मुठीत नाही घेत."

"ही तार आहे, बाबा. कपाट नाही."

"मग तर सोपंच आहे," ते म्हणाले आणि रेडिओच्या टोपीला गोंडा लावायला घेतला.

मग साबण आला. वाचनालयातून मी दातांचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यात खालच्या पहिल्या दाढेचं चित्र होतं, सगळे उंचवटे, सगळ्या खाचा. मी चित्र समोर ठेवून कोरायचे. बाबांचा चित्रावर विश्वास नव्हता. "चित्राला मागची बाजू नसते. आपल्याकडे एक खरी असताना चित्र कशाला?" असं म्हणून त्यांनी तोंड मिटलं, जीभ गालात मागे सारली आणि स्वतःची दाढ जिभेने चाचपत चाचपत कोरायला लागले. महिन्यात एक माझी, एक त्यांची. एका गालाला फुगवटा, डोळे छताकडे, हातात पोरांच्या पेन्सिलीला टोक काढायची सुरी. त्या वेळात कुणी दार वाजवलं तर ते हुंकार देत. पाहुण्यांना वाटे, कपाटकाकांना काहीतरी झालंय.

माझी पहिली दाढ बटाट्यासारखी झाली. दुसरी, पायाखाली चेपलेल्या बटाट्यासारखी. तिसरी उलटी ठेवली की तीन पायांचं स्टूल वाटायची. चौथी मात्र, सांगितलं तर, दाढ वाटायची. मी पकड सैल करून पाहिली होती, बाबांना कळू न देता. सहावीपासून सुरी घसरायची थांबली. दहावी बघून आई म्हणाली, "अगंबाई, दात आहे." एवढं कौतुक तिने माझं त्याआधी कधी केल्याचं मला आठवत नाही.

बाबांच्या दाढा खिडकीत ओळीने उभ्या असायच्या. एकेक आंघोळीला वापरली जायची. दिवसभर लाँड्रीत साबणाच्या वासात उभी राहून आलेली आई मोरीतून विचारायची, "आज कुणाची दाढ घेऊ?"

मुलाखतीच्या दिवशी सकाळी दाढा भरायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. आमच्या घरात साधा डबा बांधायचा असला तरी तो बाबांनीच बांधायचा, असा नियम होता. अंड्यांचा दहा खणांचा पुठ्ठा घेतला, प्रत्येक खणात मी लिहिलेली तारखेची चिठ्ठी, वर दाढ, वर कापूस. मग वर्तमानपत्र, मग सुतळी, मग ती त्यांची गाठ, जी ओढली की सुटते आणि नाही ओढली तर भूकंपात टिकते. मी तोवर केस विंचरत होते.

कॉलेजच्या बोळात भिंतीवर उघड्या तोंडाचं एक भलंमोठं चित्र होतं. बाबा बाकावर त्याच्याकडे पाठ करून बसले. मला आत बोलावलं.

आत दोघं परीक्षक होते. एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि एक सर, जे नुसतं लिहीत होते. कोपऱ्यात हत्यारांचं एक लोखंडी कपाट होतं, एका अंगाला जरा कललेलं. बाईंनी गाठ ओढली, कागद उलगडला, कापूस उचलला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

पहिल्या तीन खणांत माझ्या दाढा नव्हत्या.

बटाटा नव्हता, चेपलेला बटाटा नव्हता, स्टूल नव्हतं. माझ्या अक्षरातल्या तारखांवर बाबांच्या तीन दाढा बसल्या होत्या, आणि त्या सुरेख होत्या. त्यांच्यापुढे चौथ्या खणात माझी ती सांगितलं तर कळणारी दाढ.

बाईंनी पहिल्यापासून दहाव्या खणापर्यंत नजर फिरवली. मग सरांना म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा बघतेय. या मुलीने सराव केला आणि ती बिघडली."

सरांनी लिहायचं थांबवून पाहिलं. "शेवटी थोडी सावरलीय," ते म्हणाले.

 खरं सांगावं तर दुसऱ्याचं काम आपलं म्हणून आणलं, असं होणार. गप्प बसावं तर वर्षभर मेहनत करून मी मागे गेले, असं ठरणार. दोन्हीकडून माझं कॉलेज जात होतं. आणि बाहेर बाकावर तो माणूस निवांत बसला होता, ज्याचा मला त्या क्षणी इतका संताप आला होता की दाढा राहू देत, त्यालाच त्या पुठ्ठ्यात भरावं.

बाईंनी पहिली दाढ उचलली आणि उजेडाकडे धरली. फिरवली. पुन्हा फिरवली.

"ही पुस्तकातली नाही," त्या म्हणाल्या. "ही वापरलेली आहे. बाहेरचा उंचवटा बघा, झिजलाय. आणि मागे हा खड्डा. तू कीड कोरलीस?"

मी बघितलं. दाढेच्या मागच्या अंगाला एक खोल, बारीक, काठाला खडबडीत खड्डा होता. तिन्ही दाढांत त्याच जागी. मला तो रोज दिसत होता. बाबांची सुरी तिथे घसरली असेल, असं मी मनात म्हणत आले होते. बाबांची सुरी कधी घसरत नाही, हे मला माहीत असून.

"कुणाची आहे ही दाढ?" बाईंनी विचारलं.

"माझ्या बाबांची," मी म्हणाले. आता सुरुवात झालीच होती. "आणि कोरलीही त्यांनीच. या तीन माझ्या नाहीत. माझ्या कुठे आहेत, मला माहीत नाही."

"बाबा आहेत बरोबर?"

"बाहेर आहेत."

बाबा आत आले ते सवयीने दाराची रुंदी डोळ्यांनी मोजत. मग कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि कपाळाला आठी पडली. मग माझा चेहरा त्यांना दिसला. त्यांनी काही न विचारता खिशातून रुमाल काढला, टेबलावर ठेवून उलगडला. आत बटाटा, चेपलेला बटाटा आणि स्टूल.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "हिला काही माहीत नाही."

"पण का केलंत?" बाईंनी विचारलं.

"अहो, सामान उतरवताना आम्ही चांगलं आधी काढतो. नवी जागा असते, शेजारी खिडकीत उभे असतात. पहिल्यांदा चांगलं कपाट, चांगला आरसा दिसला की लोक नीट वागतात. मोडकं शेवटी, गोधडीत गुंडाळून. हिने तर मोडकं सगळं पुढेच लावलं होतं."

सरांनी तोंडावर कागद धरला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी बाबांच्या तिन्ही दाढा बाजूला काढल्या आणि माझ्या तीन, एकेक, त्यांच्या तारखांवर ठेवल्या. बटाट्यापासून आईने ओळखलेल्या दातापर्यंत सगळी रांग पुरी झाली. बाईंचं बोट तिच्यावरून सावकाश फिरलं.

"आम्हाला मोडकंच बघायचं असतं," त्या बाबांना म्हणाल्या. "नाहीतर कळणार कसं, ही कुठून कुठवर आली ते."

बाबांनी मान खाली घातली. पन्नाशीच्या माणसाला मी त्याआधी इतकं लाजलेलं पाहिलं नव्हतं.

"आता तोंड उघडा," बाई म्हणाल्या.

"कुणी?"

"तुम्ही."

"मी सामान हलवतो," बाबा म्हणाले, जणू त्यातून सुटका होणार होती. एक पाऊल मागे सरकलेही. पण बाईंनी विजेरी काढली होती, आणि माझं कॉलेज बाईंच्याच हातात होतं. बाबांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"किती दिवस दुखतेय?"

"दुखत नाही."

"वर्ष?"

"तीन," बाबा म्हणाले. "रोज नाही दुखत."

तीन वर्षं. मग मला सगळं एका रांगेत दिसलं. दवाखान्याबाहेरची नसलेली गाडी. जेवताना एकाच बाजूला चालणारा जबडा. थंड पाण्याआधी घेतलेला तो छोटा श्वास. मी वर्षभर रोज संध्याकाळी त्या माणसासमोर बसले, हातात दाढ घेऊन बसले, दातांची डॉक्टर व्हायचं म्हणून बसले, आणि त्यांनी आपलं दुखणं साबणात कोरकोरून माझ्या नाकासमोर ठेवलं, तरी मला ते दिसलं नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आजवर वाटलेली नाही.

"एक तास," बाई मला म्हणाल्या आणि साबणाची वडी पुढे सरकवली. "खालची पहिली दाढ. न वापरलेली."

मी सुरी घेतली. निसटेल म्हणून घट्ट आवळली. पहिल्याच कापात एक कोपरा उडाला आणि सरांच्या वहीवर जाऊन पडला. मी वर बघितलं. बाबा भिंतीशी स्टुलावर बसले होते. त्यांनी मांडीवरची मूठ माझ्या दिशेने हळूच उघडली, बोटं पसरली आणि तशीच ठेवली. तासभर तो हात तसाच उघडा होता. मीही सुरी बोटांवर घेतली. साबण कुठे मऊ, कुठे ठिसूळ, ते कळायला लागलं.

दाढ झाली. देखणी नव्हती, पण बाईंनी ती टेबलावर ठेवली तेव्हा कुणाला सांगावं लागलं नाही. निघताना बाबांनी पुठ्ठ्यावरच्या वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, चार घड्या घातल्या, लोखंडी कपाटाच्या एका पायाखाली सारला आणि वर तळहात दाबला. "बसलं," ते म्हणाले. त्याचे गुण मला मिळाले असतील असं आई अजून म्हणते. निवडलेल्यांच्या यादीत मी शेवटून तिसरी होते.

यादी बघायला गेलो त्याच दिवशी बाईंनी कॉलेजच्या दवाखान्यात बाबांची कीड काढून घेतली आणि खड्ड्यात तात्पुरतं सिमेंट भरायला लावलं. पुढच्या आठवड्यात पक्कं भरायला या, म्हणाल्या. बाबांनी नकार दिला. "पक्कं माझी मुलगी भरेल."

"तिला अजून तीन वर्षं आहेत."

"मी थांबतो."

आणि थांबले. दर काही महिन्यांनी सिमेंट झिजायचं, बाबा जीव मुठीत घेऊन जायचे, नवं भरून यायचे आणि प्रत्येक वेळी तेच सांगायचे. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले. आई म्हणायची, "दाढ आहे का लग्नाची मुलगी, थांबवून ठेवायला?"

शेवटी तिसऱ्या वर्षी मला पहिला पेशंट घ्यायची परवानगी मिळाली. खुर्चीत कोण बसणार, हे विचारायची गरजच नव्हती. बाबा धुतलेला, आईने कडक इस्त्री केलेला शर्ट घालून आले. खुर्चीचे हात त्यांनी असे पकडले की त्या हातांचीच मला काळजी वाटली. मागे चष्म्याच्या बाई उभ्या होत्या.

"हात कापतोय का तुझा?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग माझाच कापतोय."

"घट्ट धरू नका, बाबा," मी म्हणाले. "नुसतं धरा."

त्यांनी एकेक बोट सैल केलं. मी आरसा आत घातला, सिमेंट काढलं आणि तो खड्डा पहिल्यांदा खरा बघितला. मला तो पाठ होता. किती खोल, कुठे वळतो, कुठला काठ खडबडीत, सगळं साबणात होतं तसंच. बाबांनी कुठे एक रेघही चुकीची मारली नव्हती. मी कामाला लागले आणि चाळीस मिनिटं माझ्या हातातून काही पडलं नाही.

भरून झाल्यावर मी त्यांना दात मिटायला सांगितलं. त्यांनी मिटले. जीभ गालात मागे गेली, गालाला फुगवटा आला, डोळे छताकडे लागले. आमच्या घरातल्या त्या सगळ्या संध्याकाळी मला त्यात दिसल्या, आणि मला डोळ्यांवरचा कामाचा चष्मा काढून पुसावा लागला.

"मागचा कोपरा," ते म्हणाले. "केसभर उंच आहे."

बाईंनी वाकून बघितलं आणि मान हलवली. बरोबर होतं. मी तो कोपरा केसभर घासला. बाबांनी पुन्हा दात मिटले, या बाजूला, त्या बाजूला, तीन वर्षं आणि त्याआधीची तीन वर्षं बंद ठेवलेल्या बाजूने सावकाश चावून पाहिलं. मग त्यांनी आपला तो मोठा पंजा उचलला, तळहात जबड्यावर टेकवला आणि थोडा दाब दिला.

"बसलं," ते म्हणाले.